वठलेली फांदी

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एके दिवशी मी नववीच्या वर्गास इंग्रजी शिकवीत होतो. धड्यात विलायतेतील वसंताचे वर्णन आले होते. बर्फ वितळते, उघड्या पडलेल्या झाडांना पालवी फुटते, दूरदेशी गेलेले पक्षी घराकडे परततात, वगैरे. मी ते मोठ्या रसाने वाचून दाखवीत होतो. इतक्यात शेवटच्या बाकावरील एक मुलगा, जो सहसा आपण होऊन तोंड उघडीत नाही, उभा राहिला व म्हणाला, "सर, यांच्या वसंतात झाडांना पाने येतात. आपल्याकडे तर आत्ताच पाने गळायला लागली आहेत. मग आपल्याकडे वसंत येतो, का जातो?"

वर्ग हसला, मीही हसलो, आणि "पुढच्या तासाला सांगेन" असे म्हणून धडा पुढे नेला. शिक्षकाच्या तोंडचे हे वाक्य बहुधा पळवाटेचे असते, हे विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस ठाऊक आहेच. वीस वर्षे मी वर्गात वसंत शिकवीत आलो. रेव्हरंड टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात, बालकवी काही काळ नगरास त्यांच्या घरी राहिले होते, हे सारे मी सांगत असे आणि परीक्षेस विचारीतही असे. परंतु आपल्याच दारातील झाड कोणत्या महिन्यात काय करते, हे मला धडपणे सांगता येईना! घरी जाताना मला त्या मुलाचा थोडा रागच आला होता. तो राग माझा मलाच आला होता, हे कळावयास रात्र जावी लागली.

मी नौपाड्यात राहतो. या वस्तीच्या नावात अद्याप पाडा आहे आणि जवळच्या गावदेवी मैदानाच्या नावात गाव आहे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही नाहीत. गोखले रस्त्याने सायंकाळी चालून पाहावे म्हणजे पाड्याची कल्पनाही मनात येणार नाही. माझी आई १९७१ साली लग्न होऊन येथे आली. त्या वेळी आसपासच्या बहुतेक घरांना परसू होते, परसात विहीर होती, आणि रात्री स्टेशनात गाडी थांबली तर तिचा आवाज घरात स्पष्ट ऐकू येई, असे ती सांगते. आमचे घर त्या वेळचेच. तीन बिऱ्हाडे, कौलारू छप्पर, मध्ये लहानसे अंगण, फरशी टाकून बुजविलेली विहीर, एक रायवळ आंबा, एक शेवगा आणि कुंपणाच्या कडेस एक जुना पांगारा. या घराच्या पुनर्विकासाचे कागद झाले आहेत व त्यांवर माझी सही आहे, हे येथे लपवीत नाही. पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी मांडून जो निजला आहे, त्याने कौलारू घराचे गोडवे गाताना जरा बेताने गावे.

त्या पांगाऱ्याची एक जाड फांदी अंगणावर आडवी आली होती. दोन पावसाळ्यांपूर्वीच ती वठली. साल सुटली, आतले लाकूड पांढुरके व भुसभुशीत झाले. तिच्याखाली शेजारच्या भाऊंचा सहा वर्षांचा नातू चेंडू खेळे. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे, आणि आपल्या अंगणातील झाड झाले तरी त्यास परवानगीवाचून हात लावता येत नाही. म्हणून फांदी तोडण्याच्या परवानगीसाठी आम्ही डिसेंबरातच अर्ज केला होता. अर्जाचा मजकूर मी लिहिला आणि पहिली सहीही माझीच होती.

वर्गातील त्या प्रश्नानंतर मी एक वही घातली. रोज सकाळी शाळेस निघण्यापूर्वी अर्धा तास व सुटीच्या दिवशी अधिक वेळ अंगणात खुर्ची टाकून बसावयाचे आणि जे दिसेल ते लिहावयाचे, एवढाच नेम. ही युक्ती माझी नव्हे. डॉक्टर सलीम अली यांची नोकरी गेली, तेव्हा १९३० च्या सुमारास ते अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठच्या घरी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडी उभारून, आडोशास बसून ते तासन् तास त्या घरट्यांकडे पाहत. सुगरणीचे घरटे नर विणतो, एक पुरे होत आले व मादीने पसंत केले की तो दुसऱ्यास लागतो, आणि अशा रीतीने एका नराचे दोन-तीन संसार होतात, हे त्यांनी त्या बैठकीत शोधून काढले. माझ्याजवळ शिडी नव्हती व विद्वत्ता त्याहून नव्हती. पण नोकरी असल्यामुळे खुर्ची होती.

पहिल्या आठवड्यात वहीत काय लिहावे हाच प्रश्न पडे. कावळा, चिमण्या चार, खार एक, मांजर. मग आईनेच वाट दाखविली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एका डोळ्याचे काम झाले, दुसऱ्याचे राहिले आहे. ती दारात बसून निवडायचे तांदूळ बोटांनी निवडते. एके सकाळी ती म्हणाली, "तांबट बोलू लागला. आता उन्हाळा आला म्हणायचा." मी कान दिला. टुक्, टुक्, टुक्, टुक्. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आलो होतो, आणि तो कोठल्या तरी कारखान्याचा अगर दूर चाललेल्या बांधकामाचा असावा अशी माझी समजूत होती! पुण्याच्या तांबट आळीतून जो गेला असेल त्यास हे नाव कसे पडले ते सांगावयास नको. तांब्याच्या पत्र्यावर एकसारख्या तालात हातोडी पडावी तसा तो आवाज असतो. मी घड्याळ लावून मोजले, तर एका मिनिटास एकशे दहाच्या घरात ठोके भरले. हिवाळ्यात हा पक्षी बहुधा मुका असतो. ऊन तापू लागले की त्यास कंठ फुटतो.

आवाज ऐकू येणे निराळे आणि पक्षी दिसणे निराळे. तो बोलताना चोच मिटलेली ठेवतो, गळा फुगवितो आणि प्रत्येक ठोक्यास मान निरनिराळ्या बाजूस वळवितो. त्यामुळे आवाज एकदा आंब्यातून आला असे वाटते, एकदा शेजारच्या गच्चीवरून. सहा दिवस मी चुकीच्या झाडाकडे पाहत होतो. सातव्या दिवशी, म्हणजे २३ फेब्रुवारीच्या रविवारी, देवळातून परत आल्यावर तो मला दिसला. चिमणीएवढा, ठेंगणा, हिरवा. कपाळावर व छातीवर कुंकवासारखा लाल रंग, डोळ्याभोवती व गळ्यावर पिवळा. आणि बसला होता कोठे, तर आमच्या वठलेल्या फांदीच्या खालच्या अंगास, उलटा लटकून, आणि त्या मऊ लाकडावर ठाकठाक चोच मारीत होता. खाली भुसा पडला होता. आईस मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यांचे घर व्हायचे आहे." अर्जाची गोष्ट आम्हां दोघांनाही त्याच क्षणी आठवली असावी, कारण पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही.

त्याच सुमारास पांगारा फुलला. झाडावर औषधासदेखील पान नाही, आणि फांद्यांच्या टोकांस लाल फुलांचे तुरे! ते पाहावयास आमच्या अंगणात जी गर्दी लोटे, तशी मी गावदेवीच्या जत्रेतच पाहिली आहे. कावळे, बुलबुल, साळुंक्या, शिंजीर आणि मधूनच खार. शिंजिराचा नर हिवाळ्यात मळकट असतो. आता त्याने जांभळ्या-काळ्या रंगाचा झगझगीत अंगरखा चढविला होता आणि तो एका जागी क्षणभर ठरत नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भोरड्यांचा एक थवा येऊन अर्धा तास झाडावर कलकलाट करून गेला. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी. पळसावर येतो म्हणून त्यास पळसमैना असेही म्हणतात. या पाहुण्यांचे घर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात आहे. हिवाळा ते आपल्याकडे काढतात आणि आपल्याकडे वसंत भरात आला म्हणजे एप्रिलच्या सुमारास ते निघून जातात. माझ्या धड्यातील विलायतेस पक्षी वसंतात परत येतात, ते असे कोणाच्या तरी अंगणातून जाऊन येतात, ही साधी गोष्ट मी त्यापूर्वी कधी मनात आणली नव्हती. खाडीवरील रोहितांचेही असेच. ठाण्याच्या खाडीत थंडीत येऊन ते शेवाळावर चरतात. त्यांच्यासाठी २०१५ साली १६९० हेक्टरांचे अभयारण्य झाले व २०२२ साली त्या जागेस रामसर स्थळाचा मानही मिळाला. पण पावसाळा तोंडावर आला की तेही जातात. मुलाने विचारले होते ते एका अर्थी बरोबरच होते. आपला वसंत काहींचा येण्याचा आणि काहींचा जाण्याचा असतो.

२२ मार्च रोजी शनिवार होता. त्या दिवशी बारा विद्यार्थ्यांस घेऊन मी येऊरच्या जंगलात गेलो. पालकांपैकी तिघेजण सोबत आले होते, त्यांचे आभार येथे मानतो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याच्या बाजूचा भाग; नौपाड्याहून बसने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पायवाटेवर वाळलेल्या पानांचा असा थर होता की बारा मुलांच्या पावलांनी पलटण चालल्यासारखा आवाज होई. एका ठिकाणी वणव्याने जमीन काळी झाली होती. हे वणवे बहुतेक माणसांच्या हातूनच लागतात, कधी निष्काळजीपणाने आणि कधी जाणूनबुजून. त्या काळ्या जागेपलीकडे कुसुंबाचे एक मोठे झाड उभे होते. मुलांना प्रथम ते फुलांनी लाल झाले आहे असे वाटले. जवळ जाऊन पाहतात तो फुले नव्हेत, कोवळी पाने! तळहाताएवढी, रक्तवर्ण, उन्हात आरपार दिसणारी. हा रंग कोवळ्या पानास कडक उन्हापासून जपतो असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. पुढे मोहाच्या झाडाखाली दोन वारली बायका टोपल्यांत फुले वेचीत होत्या. मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात. म्हणून वेचणाऱ्यास सूर्याच्या आधी उठावे लागते. त्यांतील वडील बाईने मुलांच्या ओंजळीत चार-चार फुले घातली. "खा, पोरांनो, गोड असतात," ती म्हणाली. एका मुलीने विचारले, "मावशी, झाडाला एकही पान नाही, मग फुले कुठून आली?" बाई हसली. "पाने गेली म्हणून तर आली."

परत येताना एका वडाच्या सावलीत डबे सोडले. वर हरियालांची जोडी फळे खात होती. हरियाल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण पानांत मिसळून जातो. बारांपैकी सातांनाच दिसला आणि उरलेल्या पाचांनी दिसल्याचे सांगितले. तेथेच मी त्या मुलास त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ठाण्यास वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडास जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढावे लागतात. पानांतून पाणी सारखे वाफ होऊन जात असते, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून देणे हा काटकसरीचा व्यवहार आहे. विलायतेतील झाड गारठ्यास भिऊन पाने टाकते, आपले तहानेस भिऊन. शिवाय झाड उघडे असले म्हणजे लाल फूल दुरून दिसते, पाखरे येतात व परागांची नेआण होते. आणि पाऊस येण्याच्या आधीच, शिलकी ओलीवर, पुष्कळ झाडे नवी पाने काढून तयार राहतात. दिवसाची लांबी त्यांना व पक्ष्यांना ऋतूची खूण देते. लंडनला सर्वांत लहान दिवस आठ तासांच्या आतबाहेर व सर्वांत मोठा साडेसोळा तासांचा; आपल्याकडे त्या दोहोंत अंतर अवघे सव्वादोन तासांचे. एवढ्याशा फरकावरून त्यांना कळते, आपल्याला मात्र भिंतीवरचे कॅलेंडर लागते.

मुलाने सर्व ऐकून घेतले व म्हणाला, "म्हणजे सर, झाड उपास करते." ते उपवासकाळाचेच दिवस होते, मला याहून चांगले वाक्य सुचले नसते. मी ते त्याच्या नावानिशी वहीत लिहून ठेवले.

इकडे अंगणात भोक पुरे झाले होते. लिंबू जेमतेम आत जाईल एवढे, अगदी वाटोळे, जणू सामत्याने पाडले आहे. मार्चच्या मध्यापासून दोघे पाळीपाळीने आत बसू लागले. एक आला की दुसरा निघे. नर कोणता व मादी कोणती हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही. दोघांचा वेश सारखाच. गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे ३० मार्चला, एकाच्या चोचीत उंबराचे फळ दिसले आणि ते घेऊन तो आत गेला. आई म्हणाली, "आत कोणीतरी चिवचिवले." मला काही ऐकू आले नाही, परंतु वहीत तिच्या नावाने लिहिले, आणि पुढे ते खरे ठरले.

९ एप्रिल रोजी सकाळी साडेआठ वाजता करवत, कोयते व दोर घेऊन चार माणसे दारात आली. परवानगी झाली होती.

मी त्यांना भोक दाखविले. मुकादम भला माणूस होता. "सर, आम्हांला काय, आज नाही तर महिन्याने. पण आज परत गेलो तर पुन्हा केव्हा येऊ ते माझ्या हातात नाही. आणि फांदी पडली तर लेखी तुमच्या नावावर," असे तो म्हणाला. इतक्यात भाऊ बाहेर आले. भाऊंचा व माझा तीस वर्षांचा शेजार. माझे वडील वारले त्या रात्री तेच आमच्या घरी बसले होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि मला बाजूस घेऊन हळूच विचारले, "मास्तर, अर्ज तुम्हीच लिहिलात ना? मग आता पाखरू मोठे, का पोर मोठे?"

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या तासावर ढकलता येण्यासारखे नव्हते. भाऊंना पाखरांचा द्वेष नव्हता. त्यांच्या दारात पाण्याचे मडके कायम टांगलेले असते. ते योग्य तेच विचारीत होते. मी म्हणालो, "एक महिना द्या, भाऊ. फांदीखालची जागा मी दोर लावून बंद करतो. मुलाला खेळायला मी स्वतः मैदानावर नेईन." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुकादमास म्हणाले, "जा बाबा. मास्तरांची जबाबदारी." या शब्दांत रुकार होता तसा बोलही होता. मी लेखी दिले, माणसे गेली, आणि मी लगेच बाजारात जाऊन सुंभाचा दोर आणला.

पुढील चार आठवडे मी जसे काढले तसे परीक्षेचे दिवसदेखील कधी काढले नसतील. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना एक डोळा फांदीवर. वारा सुटला की छातीत धस्स होई. सायंकाळी भाऊंच्या नातवास घेऊन मी गावदेवी मैदानावर जाई. तो मला गोलंदाजी करावयास लावी व माझ्या गोलंदाजीस हसे. रात्री अंथरुणात भाऊंचा प्रश्न आठवे. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ते चौकशीस मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या आयुष्यास वळण लागले. १९८५ साली निघालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी 'द फॉल ऑफ ए स्पॅरो' असे नाव दिले. शुभवर्तमान वाचणाऱ्यास त्या नावातील चिमणी ओळखीची वाटेल. तथापि त्याच ठिकाणी माणसाचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे असेही सांगितले आहे, हे मला विसरता येत नव्हते. उत्तम शुक्रवारी, १८ एप्रिल रोजी, तीन तासांच्या उपासनेत बसलो असतानाही माझे अर्धे चित्त त्या फांदीवर होते, हे कबूल करतो.

एप्रिल सरत आला तेव्हा भोकातून एक तोंड बाहेर डोकावू लागले. त्यास कपाळावर लाल रंग नव्हता. तो पुढे येतो. भोक एवढे लहान की एका वेळी एकच तोंड दिसे; आत किती आहेत ते कळेना. ३ मे रोजी सकाळी त्यांतील एकाने उडी टाकली व ते धडपडत आंब्यावर पोहोचले. आईस मी हाताला धरून अंगणात नेले. तिला ते दिसले नाही, परंतु भाऊंचा नातू तिच्या कानाशी लागून सारे वर्णन करीत होता. दुसरे ४ तारखेस गेले. ५ व ६ तारखेस आईबाप चोचीत फळे घेऊन अजून आत जात होते. म्हणजे निदान एक तरी उरले होते.

६ मेच्या रात्री ठाणे, मुंबई, पालघर या भागांत वादळी वारा सुटला व अवकाळी पाऊस झाला. ज्यांना ती रात्र आठवत असेल त्यांना अधिक सांगणे नको. प्रथम धूळ आली, मग दिवे गेले. मी विजेरी घेऊन दारात आलो तोच मोठा आवाज झाला. फांदी मुळाशी मोडून भाऊंच्या मोरीवरील सिमेंटच्या पत्र्यांवर आदळली होती व पत्र्यांसह खाली आली होती. कोणास लागले नाही. परंतु विजेरीच्या उजेडात फांदीच्या जाड टोकाखाली नातवाचा लाल चेंडू दबलेला दिसला. दोर ओलांडून तो सायंकाळी तेथे खेळत होता आणि वारा सुटताच आजीने हाक मारून त्यास आत घेतले होते. भाऊंनी चेंडू पाहिला, मीही पाहिला. दोघेही भिजत तसेच उभे होतो. शेवटी ते म्हणाले, "घरात जा, मास्तर. सकाळी बघू." मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

सकाळी मी फांदी तपासली. ढोलीची एक बाजू फुटली होती. आत उंबराच्या बिया, थोडी घाण आणि भुसा होता; पिलू नव्हते. आसपास, पत्र्यांखाली, गटाराच्या कडेस, सर्वत्र शोधले. ते ६ तारखेस दिवसाउजेडी उडून गेले, की रात्री पडले व मांजराने नेले, याचा पत्ता लागला नाही. ९ तारखेस शेजारच्या उंबरावर लाल कपाळ नसलेला एक लहान तांबट मला दिसला खरा. परंतु तो पहिल्या दोघांपैकी एक असू शकतो. वहीत मी 'तिसरे: ठाऊक नाही' असेच लिहिले आहे. आई म्हणते ते जगले. तिला मी विरोध करीत नाही.

पत्र्यांचे पैसे मी दिले. भाऊ घेईनात, मी त्यांच्या सुनेच्या हाती ठेवले. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. पाचव्या दिवशी त्यांनी पाण्याचे मडके पांगाऱ्याच्या उरलेल्या फांदीस टांगले आणि मला विचारले, "पाखरे बुडाला पाणी लागेल इतक्या खोल भांड्यात पितात का हो?" मी म्हणालो, "उथळ थाळी बरी." त्यांनी परळ आणून ठेवला. त्यापलीकडे या विषयावर आमचे आजतागायत बोलणे झालेले नाही.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. मुंबईस तो सामान्यतः ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ साली २६ मे रोजीच आला. इतक्या लवकर तो आल्याची त्यापूर्वी नोंद नव्हती. आम्ही आपले नेहमीप्रमाणे जूनच्या भरवशावर छपरावर कागद घालावयाचे ठेवले होते; त्यामुळे भांडी चारांऐवजी सहा ठिकाणी मांडावी लागली.

१६ जून रोजी शाळा उघडली तेव्हा फांदीचा ढोलीचा तुकडा मी करवतीने कापून शाळेत नेला. तो विज्ञानाच्या खोलीत खिडकीशी ठेवला आहे. लहान वर्गांतील मुले त्या भोकात बोट घालून पाहतात, पालकांनीही येऊन पाहावा. नववीतला तो मुलगा आता दहावीत गेला होता. मधल्या सुटीत तो एकटाच खोलीत आला. तुकडा उचलून त्याने फांदी झाडावर होती तशी आडवी धरली, भोकावरून अंगठा फिरविला आणि विचारले, "सर, वरच्या बाजूला एवढी जागा असताना खालून का पोखरले?"

मी बोलणार तोच त्याने हात वर केला. बाहेर पाऊस पडत होता. तो एकदा खिडकीकडे व एकदा भोकाकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "थांबा सर, सांगू नका."